रेश्माला वाचून दाखवलेला अर्ज

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी एरवी चुकलेली मधुमेहाची गोळीसुद्धा लपवू शकत नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी मावळातल्या एका कॉलेजात भूविज्ञान शिकवायचो. दगडांचा मास्तर. वर्षातून दोनदा मुलांना खंडाळ्याच्या घाटात न्यायचं, रस्त्यासाठी कापलेल्या कड्यापाशी उभं राहायचं आणि लाव्ह्याचे थर दाखवायचे. बघा, नीट बघा — हा शब्द दिवसभरात किती वेळा तोंडात येतो, हे रेश्मा वर्गात येईपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

रेश्मा पवनानगरच्या पलीकडच्या गावातली. बारावीची परीक्षा झाली आणि कसल्याशा तापात तिची नजर गेली, दोन्ही डोळ्यांची. तरी विज्ञानच घेणार म्हणाली, त्यातही भूविज्ञान. का? तर दगड हातात घेता येतो, म्हणून. शिक्षकांच्या खोलीत मी यावर एक विनोद केला होता आणि सगळे हसले होते. तोही कबूल करून टाकतो — पण सांगायचंय ते हे नव्हे.

पोरगी हुशार होती. दगडाची भोकं चाचपून, नख घासून, वजन जोखून नमुना ओळखायची. जिभेचं टोकही लावायची — आम्हा दगडवाल्यांची ही जुनी खोड, चिकणमातीचा असेल तर दगड जिभेला चिकटतो. ताजा दगड हातोडीखाली खणखणतो आणि कुजलेला भद्द वाजतो, हे मीच तिला शिकवलं. स्वतः मात्र आवाज ऐकणं मी केव्हाच सोडून दिलं होतं.

घाटात ती आली एकदाच. दोन मैत्रिणींनी हात धरून आणली. मी कड्यावर हात ठेवून सांगितलं, हा थर अखंड आहे. तिने तीनचार ठिकाणी ठोकून पाहिलं आणि म्हणाली, "सर, हितं आत पोकळ वाजतंय."

मी हसलो. मी हसलो म्हणून मुलंही हसली. मग एकाने गंमत म्हणून त्याच जागी दोन घाव घातले — आणि खपली सुटून आत मुठीएवढी पोकळी निघाली, आतून पांढऱ्या स्फटिकांनी मढलेली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिला ते दिसलं नाही. ती आपली आत बोटं घालून, हरखून मैत्रिणींना हाका मारत होती. त्यातला स्फटिकांचा तुकडा कॉलेजच्या कपाटात आहे, आणि संकलक म्हणून चिठ्ठीवर नाव माझं आहे.

तिथून सुरुवात झाली का? की मला फक्त त्रास नको होता? पुढच्या वर्षी आठ दिवसांचा दौरा, घसरडे उतार. तिच्यासाठी बोटांना कळतील असे उठावाचे नकाशे करायचे, प्रात्यक्षिकाची परीक्षा वेगळी बसवायची — आणि हे सगळं मलाच करावं लागलं असतं. प्राचार्यांकडे जाऊन मी अपघाताची भीती बोलून दाखवली. ते म्हणाले, आपल्याला तिला नाही म्हणता येणार नाही. तिने स्वतःहून सोडलं तर गोष्ट वेगळी.

भीती खरी होती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. नव्हती. मला कंटाळा आला होता, आणि एका आंधळ्या मुलीने वर्गासमोर माझी चूक काढली होती.

तिला परीक्षेसाठी लेखनिक आणि जादा वेळ हवा होता. अर्ज मी टाइप करून देतो, म्हणालो. तो इंग्रजीत केला आणि तिला मराठीत वाचून दाखवला — लेखनिक, जादा वेळ, आपली विश्वासू. कागदावर होतं ते असं, की प्रकृतीच्या कारणामुळे मी स्वेच्छेने हा विषय सोडत आहे. मग मी तिचं बोट धरून सहीच्या जागेवर नेलं. तिने सही केली, जराशी तिरकी. आणि थँक्यू म्हणाली. झेरॉक्स मागितली, तीही मी दिली. तिला कुठे वाचता येणार होती?

विषय गेल्याचं कळल्यावर ती माझ्याकडेच आली. दुसरीकडे कुठे जाणार? मी म्हणालो, वरून नियम आलाय, तुझ्यासाठी मी खूप भांडलो. ती रडली नाही, नुसती मान हलवत राहिली. मग कला शाखेला गेली. महिन्याभराने तिचे वडील घरी आले, खांद्यावर इंद्रायणी तांदळाचं पोतं.

"सर, तुमी व्हता म्हणून पोरीसाठी कुनीतरी भांडलं तरी. न्हाईतर आमाला कोन इचारतंय?"

तांदूळ मी ठेवून घेतला. चांगला वासाचा होता. पहिल्याच दिवशी मी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला.

आज ती वडगावात एका कचेरीत फोन घेते. मी निवृत्त होऊन लोणावळ्यात असतो. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी तिचा फोन आला. नवा मोबाइल घेतलाय म्हणाली, कुठलाही कागद समोर धरला की मोठ्याने वाचून दाखवतो, इंग्रजीसुद्धा. म्हणून जुनी फाइल काढून ती एकेक कागद त्याच्याकडून वाचून घेत होती.

"परवा तो अर्ज वाचला, सर."

एवढं बोलून ती थांबली. मला वेळ दिला तिने. तिच्या टेबलावरचा दुसरा फोन वाजत होता, तो तिने उचलला नाही. मी तोच ऐकत राहिलो.

"आता मला कुणाकडून वाचून घ्यावं लागत नाही," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी तसाच कानाला धरून बसलो. बायकोने आतून विचारलं, कुणाचा होता? मी म्हणालो, कुणाचा नाही — चुकून लागला होता.