झोपेत दात खाणं

सकाळी उठले की जबडा दुखायचा, कानशिलं ठणकायची. मी चष्म्याचा नंबर तपासून घेतला, उशी बदलली, संध्याकाळचा चहा सोडला. उपयोग झाला नाही. मग एकदा तांदळाची मऊ भाकरी खाताना दाढेचा कोपराच तुटला.

"झोपेत दात खातेस तू. माझ्या खोलीपर्यंत करकर ऐकू येते," सासूबाई म्हणाल्या. "जंत झालेत पोटात." लहान पोराला द्यावा तसा त्यांनी मला वावडिंगाचा काढा दिला. मी तो प्यायले. निदान काहीतरी करत होते.

एसटी स्टँडजवळच्या दातांच्या डॉक्टरांनी आरसा दाखवला. दाढा घासून सपाट झाल्या होत्या. "झिजलेलं परत येत नाही. उरलेलं वाचवू," त्या म्हणाल्या. झोपताना दातांवर बसवायचं कव्हर त्यांनी करून दिलं. रोज सकाळी ते उशीखाली सापडतं.

गॅसचं बुकिंग, सासूबाईंच्या गोळ्या, सगळं मी वेळेवर करते. झोपेतल्या माझ्यापुढे मात्र काही चालत नाही.

सासूबाईंना दात नाहीत. हल्ली त्या स्वतःची भाकरी दुधात कुस्करतात, आणि न विचारता माझीही.