बावीसचारीचं पहिलं बाळ

सावेडीहून सकाळी आठला निघायचं ठरलं होतं, गाडी मी चालवणार होते. सासूबाई सहालाच तयार होऊन, पिशवी मांडीवर घेऊन, जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे. पण आज त्या माहेरी निघाल्या होत्या, आणि तेही भांडायला.

भांडण असं. बेलापूरजवळ बावीसचारी नावाची वस्ती आहे. पाटाला पाणी सुटलं तेव्हा सासवडकडून सात कुटुंबं उसाच्या आशेनं बैलगाड्या घेऊन आली आणि बाविसाव्या चारीवर (पाटाच्या पोटशाखेवर) उतरली. आता तिथे मारुतीपुढे त्या सात घरांचा फलक लागणार होता. खाली ‘वस्तीत जन्मलेलं पहिलं मूल’ म्हणून कुणा तात्यांच्या थोरल्या भावाचं नाव घालायचं ठरलं होतं. सासूबाईंचं म्हणणं, पहिलं मूल त्या स्वतः. हे मी लग्न होऊन आले त्या आठवड्यापासून ऐकतेय. आमटी खारट झाली, असं कुणी म्हटलं तरी ‘मी बावीसचारीची पहिली’ हे उत्तर ठरलेलं. खरं सांगायचं तर घरात कुणाचाच त्यावर विश्वास नव्हता, माझाही नाही.

राहुरीला चहाला थांबलो. तिथे चहावाल्यालाही हकिकत ऐकावी लागली. तेव्हा बाया बाळंतपणाला माहेरी जायच्या, त्यामुळे वस्तीत कुणी जन्मतच नव्हतं. सासूबाईंची आईही निघाली होती. वाटेत गाडीचा आख मोडला, गाडी कशीबशी परत फिरली आणि सासूबाई घाईघाईनं वस्तीवरच अवतरल्या. ती घाई अजून गेलेली नाही. वडिलांनी वार (नाळेबरोबर पडते ती) घरामागे पुरली, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर एका जात्याचा दगड ठेवला. ते जातं सासवडहून आणतानाच तडकलं होतं. तो दगड हाच पुरावा. चहावाल्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि साखर कमी टाकू का, एवढंच विचारलं.

बेलापूर सोडल्यावर आम्ही एकविसाव्या चारीवर जाऊन चिखलात रुतलो. रस्ता सासूबाईंनीच दाखवला होता. एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टर लावून गाडी बाहेर काढली, तेव्हा पाटच सरकलाय, असा निकाल देऊन त्या मोकळ्या झाल्या.

बावीसचारीत तात्या दारातच भेटले. टोपी, बंडी, सासूबाईंपेक्षा दोनेक वर्षांनी लहान. सासूबाईंच्या वडिलांना मुलगा नव्हता. त्यांचं हे घर आणि जमीन पुढे तात्यांच्या वडिलांनी घेतली. “रामभाऊची चंद्रीआक्का ना तू?” म्हणत त्यांनी आम्हाला आत नेलं आणि शेंगोळी (हुलग्याच्या पिठाच्या रश्शातल्या वळ्या) पुढे ठेवली. ती इतकी झणझणीत होती, की भांडणाआधीच माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

भांडणही लगेच सुरू झालं. तात्यांनी ऐकलं होतं, आक्काचा जन्म सासवडचा. सासूबाईंनी ऐकवलं, तात्यांचा भाऊ आजोळचा. तात्या जरा गडबडले. कारण विचार केला तर ते स्वतः आजोळी जन्मले होते, त्यांची मुलंही, आणि नातवंडं श्रीरामपूरच्या दवाखान्यात. अख्ख्या वस्तीत वस्तीवर जन्मलेला माणूस सापडेना. सासूबाई खूश झाल्या आणि ताट सारून म्हणाल्या, घरामागं चल, पुरावा दावते.

तात्याही उठले. घरामागं त्यांचा देव होता, तोही दाखवायचाच होता.

उसाच्या कडेला एक जागा नांगर न लावता सोडलेली होती. मधोमध गोल दगड, त्यावर बोटभर जाड शेंदूर, पुढे नारळाच्या करवंट्या. दगडाच्या मध्यावर भोक होतं आणि त्यात तेल.

“ही देवाची बेंबी,” तात्या म्हणाले. “हितलं तेल पोटाला लावलं की बाई सुखानं मोकळी व्हती. बाप सांगून गेला, ह्या दगडाला हात लावू नको.”

सासूबाई वाकल्या. त्यांचा अंगठा शेंदरावरून सरकत सरकत एका तड्यावर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही कळलं, आणि लाजही वाटली. इतकी वर्षं मी ज्या दगडाला हसत होते, त्याला इथे लोक नवस बोलत होते. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझं मनगट दाबलं.

कारण मागून तात्यांची नातसून आली होती, आठवा महिना लागलेली. पहिलटकरीण. दुपारी तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला येणार होता, आणि जायच्या आधी देवाचं तेल घ्यायचं होतं. तिनं हातातली वाटी पुढे केली.

“आजी, लई भ्या वाटतंय,” ती सासूबाईंना म्हणाली.

सासूबाईंनी भोकातल्या तेलात बोटं बुडवून वाटीत तेल निथळू दिलं आणि दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला. “माझ्या आईला ह्यानंच राखलं, पोरी. बिनघोर जा.”

पोरगी पहिल्यांदाच हसली. तात्यांनी जरा वेळानं आठवण करून दिली, पुरावा दावणार हुतीस ना. सासूबाई म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. तुझ्या भावाचंच नाव लाव.” मग पिशवीतून नारळ काढून, त्यांनी स्वतःच्याच वारेपुढे फोडला.

  परतताना राहुरीजवळ मी विचारलं, एका शब्दात जिंकला असता, मग गप्प का?

“जिंकून काय, त्या पोरीचा देव मोडायचा?” बोटाला लागलेला शेंदूर त्या पदराला न पुसता नुसत्या बघत होत्या. “अन् गाव माझ्याम्होरं नारळ फोडतंय. फलकावर कावळं बसत्यात.”

मी हसले, पण समोरचा रस्ता अंधूक झाला म्हणून गाडी कडेला घ्यावी लागली.

घरी पोचलो तेव्हा नवऱ्यानं दारातच हसत विचारलं, लागलं का मग पहिलं नाव? सासूबाई पाय धुवायला आत गेल्या. मी चपला काढता काढता म्हटलं, “आईच पहिल्या आहेत.” आतला पाण्याचा आवाज थांबला. आमच्या घरात हे वाक्य त्यांच्याखेरीज दुसऱ्या कुणी आजवर उच्चारलं नव्हतं.