सिसिलमावशीचे चणे

मरोळच्या गावठाणात, क्रुसासमोरच्या बैठ्या घरात सिसिलमावशी एकटी राहायची. वय साठीला टेकलेलं, अंगात इस्त्रीचा फिकट झगा आणि दर रविवारी गळ्यात निळी फीत, तिला लटकवलेलं मारियेचं पदक. ही फीत चर्चमधल्या कुमारिकांच्या संघाची. मुलगी पंधराएक वर्षांची झाली की घालायची, लग्न ठरलं की परत करायची. गावठाणातल्या झाडून साऱ्या मुलींनी घातली आणि परत केली. सिसिलची तेवढी गळ्यात राहिली.

तिच्या कपाटात संतिणींची चरित्रं आणि नोव्हेनांच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनांच्या, पातळ पुस्तिका होत्या, सगळ्यांना खाकी कव्हरं घातलेली. मुलगी वयात आली की आई तिला सिसिलकडे पाठवायची आणि सिसिल लग्न नाकारून कुमारिका म्हणूनच मेलेल्या संत आग्नेसचं पुस्तक हातात ठेवायची. "वाच, पण पान दुमडू नकोस हां." आग्नेसच्या मागे लागलेला रोमन तरुण ज्या पानावर येतो, नेमका त्याच पानाचा कोपरा दर वेळी दुमडून यायचा. सिसिल तो नखाने सरळ करायची.

लोक म्हणायचे, सिसिलने स्वतःला देवाला वाहून घेतलंय. साफ खोटं. तिला लग्न करायचं होतं. आई लकव्याने नऊ वर्षं अंथरुणाला खिळून राहिली आणि सिसिल बत्तीस वर्षांची झाली. तरीही विक्रोळीच्या कारखान्यातला एक फिटर रविवारची मिस्सा सुटल्यावर तिच्याशी दोन शब्द बोलायला थांबायचा. त्याची बहीण एका रविवारी मागणी घालायला येणार, असं कानावरही आलं होतं. आणि नेमक्या त्याच रविवारी फादरांनी प्रवचनात तिचं नाव घेतलं. म्हणाले, शुद्धतेचं व्रत कसं पाळावं ते आपल्या सिसिलकडे बघून शिका. सगळं चर्च वळून तिच्याकडे बघायला लागलं, त्यात तो फिटरही होता. आता देवाच्या ठरलेल्या बाईला मागणी घालायची कुणाची छाती होणार? बहीण आली नाही. एका कौतुकाने बाईच्या जन्माची वाट लावली, आणि फादरांना ते मरेपर्यंत कळलं नाही.

वर्षातली एक संध्याकाळ मात्र सिसिलची होती. ऑक्टोबरात मारियेची मूर्ती रोज नव्या घरी मुक्कामाला जायची आणि सगळे तिथे जमून जपमाळ म्हणायचे. सात तारीख सिसिलची. त्या दिवशी तिच्या एवढ्याशा खोलीत तीस माणसं मावायची, दारात चपलांचा ढीग, पोरं थेट पलंगावर, आणि शेवटी सगळ्यांना खोबरं घातलेले उकडलेले चणे. एरवी तिच्याकडे कुणी आलं तर पुस्तक मागायला, तेही दारातूनच.

शहाऐंशी साली नवी बिल्डिंग झाली. कुटुंबं वाढली, ऑक्टोबर काही वाढला नाही. यादी करणारा इनास एक दिवस दारात उभा राहिला.

"सिसिल, तुझी सात तारीख बिल्डिंगवाल्यांना दिली गं. फॅमिलीवाल्यांचा नंबर आधी लावला. तुला काय, तू तर मारियामायेचीच. तुझ्याकडे वेगळी मूर्ती कशाला न्यायची?"

"बरं," सिसिल म्हणाली. तिला ओरडावंसं वाटत होतं. पण जन्मभर सगळ्यांनी तिला इतकं चांगलं म्हटलं होतं, की भांडायचं कसं हेच ती विसरली होती.

सहा तारखेला सवयीने हात डब्यात गेला आणि तिने तीस माणसांचे चणे भिजत घातले.

सातला दुपारी ते शिजत असताना पलीकडच्या आळीतली लुर्दीन आली. जानेवारीत तिचं लग्न होतं. संघाच्या फिती सिसिलकडेच जमा व्हायच्या; तिने आपली फीत आणि आग्नेसचं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"मावशी, तुमचं बरं आहे ना," ती म्हणाली. "कुणाची वाट बघणं नाही, कुणाची मर्जी सांभाळणं नाही. एवढं मोठं व्रत तुम्ही ठरवलंत तरी कसं?"

"मी काही ठरवलं नाही गं. मला कुणी विचारलंच नाही."

लुर्दीन खदखदून हसली. "काय मावशी, चेष्टा करता!"

संध्याकाळी मूर्ती बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर गेली. जपमाळेनंतर मारियेची लितानी सिसिलनेच सांगायची, कारण मराठीतून ती फक्त तिलाच पाठ. ती मारियेचं एकेक बिरुद घ्यायची आणि सगळे म्हणायचे, "आमच्यासाठी विनंती कर." प्रेषितांच्या राणी झाली, हुतात्म्यांच्या राणी झाली. आता "कुमारिकांच्या राणी" यायची. सिसिलने तोंड उघडलं, मिटलं, आणि एकदम "सर्व संतांच्या राणी" म्हटलं. "आमच्यासाठी विनंती कर," सगळे म्हणाले. कुणाच्या काही लक्षात आलेलं दिसलं नाही. इनास तर बिल्डिंगवाल्यांनी मांडलेल्या केककडे बघत होता.

केक न खाताच ती घरी आली. पातेल्यावरचं झाकण काढते तोच मागोमाग आलेली लुर्दीन दारात.

"मावशी, कुमारिकांची ओळ सुटली तुमची."

"सुटली नाही. सोडली."

लुर्दीन उंबऱ्यातच थबकली. दुपारचं हसू तिला आता आठवत असावं. मग ती आत येऊन पलंगावर बसली. सिसिलने वाटीत चणे दिले, वर खोबरं भुरभुरलं. लुर्दीनने मान खाली घालून सगळे संपवले, आणखी एक वाटी मागून घेतली, तीही संपवली.

ती गेल्यावर सिसिलने पातेल्यात डोकावलं. तीसातल्या दोनच वाट्या गेल्या होत्या; ते काठोकाठ भरलेलंच दिसत होतं.