सगळ्यांना मनाई

किळस हा शब्द मी पूर्वी पाली-झुरळांसाठी वापरायची. औरंगपुऱ्यातल्या त्या स्कॅन सेंटरमध्ये नोकरीला लागले आणि तो माणसासाठीही लागतो हे कळलं. माझं काम रिपोर्ट टाइप करण्याचं. डॉक्टर बोलायचे, मी टाइप करायची. सेंटर डॉक्टरांचं होतं, पण राज्य त्यांच्या मेहुण्याचं. बायकोचा भाऊ, म्हणून मॅनेजर, दुसरी पात्रता काही नाही. आम्ही त्यांना तोंडावर साहेब म्हणायचो आणि माघारी मेहुणेसाहेब.

त्यांच्या सवयी सांगते, पण जेवत असाल तर नंतर वाचा. मोटरसायकलच्या किल्लीनं कान कोरायचे. किल्ली पँटला पुसायची आणि त्याच हातानं भजी खायची. मग तेच तेलकट बोट माझ्या कीबोर्डवर. एंटरचं बटण दाबलं की खालीच चिकटून राहायचं. शी! सकाळी मी स्पिरिटचा बोळा फिरवायची, दुपारपर्यंत पुन्हा तोच चिकटा. आणि भिंतीवरच्या पाट्या कुणी लावलेल्या? यांनीच. 'चपला बाहेर काढाव्यात.' 'मोबाईलवर बोलू नये.' 'सर्वांनी नियम पाळावेत.' त्या पाटीखाली हे बूट घालून उभे, मोबाईल कानाला, आणि आवाज असा की रस्त्यावरच्या रिक्षावाल्यालाही यांच्या घरचं सगळं कळावं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! कुणी पाटीकडं बोट दाखवलं तर त्यांना खरंच समजायचं नाही की आपल्याला का दाखवताहेत. सर्वांनी म्हणजे बाकीच्या सर्वांनी, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं होतं.

त्या पावसाळ्यात आमचा एक टेक्निशियन नोकरी सोडून जवळच्याच दुसऱ्या सेंटरला लागला. झालं! मेहुणेसाहेबांच्या मनानं घेतलं की तो जाताना पेशंटची माहिती घेऊन गेला, आणि उरलेले आम्हीही चोरच. दोन दिवस ते आमच्या पर्सकडं बघत हिंडत होते. तिसऱ्या दिवशी एकदम खुशीत दिसले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आमच्याकडं मशीनमध्ये जागा पुरत नाही म्हणून जुने सगळे स्कॅन ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये ठेवलेले असत. जुना पेशंट आला की माझ्या टेबलावरून ते फोल्डर उघडायचं, त्याचं नाव शोधायचं आणि सीडी करून द्यायची. पाच मिनिटांचं काम. त्या दिवशी वेरूळहून एक मावशी आल्या. देवळाबाहेर बेल-फुलं विकतात. मागच्या वर्षी त्यांच्या फुप्फुसात एक गाठ दिसली होती. आमच्या रिपोर्टात 'लहानशी गाठ' एवढंच होतं, माप नव्हतं. आता मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नवीन स्कॅन काढला होता आणि सांगितलं होतं की जुना आणा, दोन्ही शेजारी ठेवून बघतो. गाठ वाढली असेल तर छाती उघडावी लागेल. तेवढीच असेल तर चाकू नको, सहा महिन्यांनी परत फोटो काढू; तो तुम्हाला स्वस्त पडतो त्या जुन्या सेंटरलाच काढा, चालेल.

"लई वाढली नसंल न, बाई?" मावशींनी मला विचारलं. मी काय सांगणार! म्हटलं, "बसा, आत्ता देते."

फोल्डर उघडलं तर ॲक्सेस डिनाइड. परवानगी नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तरी तेच. दुसऱ्या टेबलावरून बघितलं, तिथंही तेच. आत ऑफिसात गेले तर मेहुणेसाहेब घामाघूम होऊन त्याच फोल्डरवर टकटक टकटक करत बसलेले.

"साहेब, जुने स्कॅन उघडत नाहीत."

"व्हायरस आहे," ते म्हणाले. "तुम्हीच काहीतरी केलं असणार. बायकांच्या हातात कॉम्प्युटर दिला की हेच होतं."

चोराच्या उलट्या बोंबा! मी काही बोलायच्या आत ते उठून बाहेर गेले आणि बाकड्यावर बसलेल्या मावशींना म्हणाले, "ओ मावशी, मशीन बिघडलं. जुनं सगळं उडालं. नवीन स्कॅन काढून टाका, लगेच देतो."

"नवा तं काढलाय, साहेब," मावशी म्हणाल्या. "नव्यात जुनं कसं दिसंल?"

"आता त्याला मी काय करू?" असं म्हणून हे परत आत. आत जाताना मोबाईलवर कुणाला तरी चहा पाठवायला सांगितला. त्या बाईचं तोंड पांढरं पडलं होतं. तिची छाती फाडायची की नाही ते त्या फोल्डरवर होतं, आणि याला चहा सुचत होता. मला भयंकर संताप आला. मी मागोमाग आत गेले.

"साहेब, व्हायरस असा फक्त एकाच फोल्डरला धरत नाही. तुम्ही काय केलंय ते सांगा."

बराच वेळ कान कोरून झाला. मग म्हणाले, "जरा सिक्युरिटी केली होती. व्हिडिओ बघून."

"कुणाला बंद केलं?"

"सगळ्यांना. 'एव्हरीवन' म्हणून नाव घातलं, आणि पुढं डिनायवर, म्हणजे मनाईवर, सगळीकडं टिका मारल्या. एकदम पॅक!"

"साहेब, एव्हरीवनमध्ये तुम्हीपण येता."

"मी कसा येईन?" ते खरोखर चकित झाले होते. "मी मॅनेजर आहे!"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. बाहेर मावशी बसलेल्या नसत्या तर मी पोट धरून हसले असते. त्यांना समजावलं की कॉम्प्युटरला मेहुणा-बिहुणा कळत नाही, आणि मनाई आणि परवानगी दोन्ही दिल्या तर तो आधी मनाई ऐकतो. त्यांना ते अजिबात पटलं नाही. उलट कॉम्प्युटरनंच त्यांचा अपमान केल्यासारखं तोंड केलं. म्हटलं, ॲडमिनचा पासवर्ड टाका, मी उघडून देते. तर काय करावं? मला म्हणाले, भिंतीकडं तोंड करा. मी, दोन पोरांची आई, शाळेत शिक्षा केल्यासारखी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले, आणि मागं त्या तेलकट बटणांचा चिकट आवाज. 

मग मी खुर्चीत बसले. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये गेले, सिक्युरिटी, त्यात ॲडव्हान्स्ड. फोल्डरचा मालक कोण, या जागी 'दाखवता येत नाही' असं लिहिलेलं. तो मालक बदलून ॲडमिन केला, आतल्या सगळ्या फोल्डरांनाही लागू केला, आणि पेशंटची नावं एकामागून एक पळायला लागली. मेहुणेसाहेब माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते, भज्यांचा वास सोडत.

"बाहेर कुणाला सांगू नका हं, मी बंद केलं होतं म्हणून!" हे आपल्या नेहमीच्या आवाजात. "डॉक्टरांना तर मुळीच नाही. मशीन बिघडलं होतं, बस, इतनाच बोलना!"

 मी एव्हरीवनच्या पुढची मनाई काढून टाकली. फोल्डर उघडलं. आत सगळं जागच्या जागी होतं, एक फोटोसुद्धा उडालेला नव्हता. मावशींचं नाव सापडलं, सीडी केली, माझ्या टेबलावर लावून बघितली. चालत होती.

मी ती घेऊन निघाले तर यांनी माझ्या हातातून ओढून घेतली आणि माझ्या पुढं बाहेर गेले. "घ्या मावशी. उडालेलं परत आणलं. सकाळपासून डोकं लावतोय तुमच्यासाठी."

मावशींनी सीडी पदरात गुंडाळली आणि त्यांच्या पायाशी वाकायला लागल्या. मला बघवेना. मी त्यांचा दंड धरला. "मावशी, उठा! काही उडालं नव्हतं. यांनीच बंद केलं होतं, आणि नवीन काढा म्हणून तुम्हाला खोटं सांगितलं."

"ओ मॅडम!" मेहुणेसाहेब ओरडले.

मावशींनी माझा हात हळूच सोडवला. "ठाऊक हाय, बाई," त्या माझ्यापुरत्या आवाजात म्हणाल्या. "समदं ऐकू आलं मला इथं. पण देवानं केलं आन् गाठ वाढली नसली, तं सहा महिन्यांनी पुन्हा यांच्याकडंच यायचंय न मला."

आणि त्या वाकून त्यांच्या पाया पडल्या.

"असू द्या, असू द्या," मेहुणेसाहेब म्हणाले.