खंडेनवमीला पुजलेलं मशीन

आमच्या ह्यांना मोडकी वस्तू दिसली की राहवायचंच नाही. रस्त्याने बरोबर चालता चालता माणूस गायब व्हायचा, आणि मी मागे वळून बघते तो कुठल्या तरी भंगारवाल्यापुढे उकिडवे बसलेले. लग्नानंतर पहिल्यांदा साताऱ्याला देवाला गेलो, तेव्हा मी हातात नारळ घेऊन उभी आणि हे बाजारात एका लोखंडी नळकांड्यापाशी रंगात आलेले. मला असा राग आला! हे घरी आणलंत तर मी माहेरी निघून जाईन, असं तिथल्या तिथे सांगितलं. त्यांनी ते आणलं. आता माझं माहेर सांगलीतच, आमच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे त्या धमकीला फारसं वजन नव्हतं.

ते नळकांडं म्हणजे केर ओढायचं मशीन. व्हॅक्यूम क्लीनर हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. साहेब लोक देश सोडून चालले होते. महाबळेश्वर-पाचगणीच्या बंगल्यांतलं सामान मिळेल त्या भावाने विकलं जात होतं, आणि ज्याचं काय करायचं हे कुणालाच कळत नव्हतं ते साताऱ्याच्या भंगारात येऊन पडत होतं. हे लढाईच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होते, विजेच्या मोटारी उघडणं-जोडणं अंगवळणी पडलेलं. असलं मशीन नवीन घ्यायचं तर मुंबई गाठायची, आणि किंमत ऐकून मटकन खाली बसायचं. हे जुनं दुरुस्त करून दवाखान्याला, कापडाच्या दुकानाला स्वस्तात देत. घेणाऱ्याचीही बचत आणि आमचीही चूल पेटती राहायची.

सुटे भाग कुठे मिळतायत? मोटारीत फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजलेले असले की हे टॉर्चचे मेलेले सेल फोडायचे, आतली काळी कांडी काढायची आणि कानशीने घासून घासून मापाला आणायची. नळीला भोक पडलं तर सायकलची ट्यूब. केराची पिशवी कुजलेली असायची, ती मी शिवायची, त्यांच्या जुन्या लष्करी पँटी उसवून. घट्ट विणीचं खाकी कापड, त्यातून धूळ बाहेर येत नसे. एका पँटीच्या दोन पिशव्या व्हायच्या. शेवटी घरात घालायला पँट उरेना, तेव्हा ह्यांनी धोतर धरलं आणि मी पोट धरून हसले.

हे सगळं चाले आमच्या एका खोलीत. मशीन सुरू केलं की घरमालकीण जिन्यावरून ओरडायची, "अहो, विमान उतरवताय का घरात?" फोडणीत लोखंडाचा कीस, अंथरुणात स्क्रू. तरी खरं सांगू? मी सुखात होते. संध्याकाळी हे हात धुऊन चहाला बसत आणि आज कुठलं मशीन कसं बोललं ते रंगवून सांगत, तेव्हा मला वाटायचं, आणखी काय पाहिजे बाई माणसाला.

पण मामंजींना हे मंजूर नव्हतं. आमचं गाव लोणंद-फलटणच्या मधलं. उसाची जमीन, बैल, विहीर, सगळं होतं. माझे थोरले दीर लष्करात गेले ते ब्रह्मदेशाच्या लढाईतून परत आलेच नाहीत. हे आले. आलेला मुलगा डोळ्यांसमोर राहावा, एवढीच मामंजींची मागणी, आणि हा मुलगा सांगलीत दुसऱ्याचा केर ओढणारी मशीनं खटखटवत बसलेला. त्यात सून सांगलीची. म्हणजे सगळा दोष कुणाचा, ते सांगायलाच नको.

"केर काडायला मशीन?" ते म्हणाले होते. "का, बायकांच्या हाताला काय झालं?" आणि मग निर्वाणीचं सांगितलं होतं, "दसऱ्यापतूर सोताचं दुकान झालं तर झालं. न्हाईतर गुमान गावाकडं यायचं. मी तुजं काय बी ऐकायचा न्हाई."

ह्यांनी मान डोलावली होती. दिलेला शब्द हे मोडणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

दसरा जवळ आला तरी दुकानाचा पत्ता नव्हता. तेवढ्यात हळदीचे एक मोठे व्यापारी भेटले. त्यांची हळद दळायची गिरणी होती. दळताना उडालेली पूड जमिनीवर, कोपऱ्यांत साठायची आणि झाडून काढताना निम्मी परत हवेत जायची. शेटजी म्हणाले, "मिस्त्री, तुझं मशीन ही पूड वाया न घालवता गोळा करत असेल तर मी दोन घेतो. आणि गिरणीच्या पुढचा गाळा रिकामाच आहे, तो तुला दुकानाला देतो. पण सुरुवात खंडेनवमीला करायची, पूजा करून." खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात, नांगर पुजतात, गिरणीचा पट्टासुद्धा पुजतात. मशीन तरी का सुटावं?

मामंजी आदल्या दिवशीच गावाहून आले. मुलाला घेऊन जायच्या तयारीनेच आले होते. मला म्हणाले, "सूनबाई, भांडीकुंडी बांदायला लाग." मी म्हटलं, "मामंजी, आधी उद्याचा दिवस तर उजाडू द्या." त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी गिरणीत सगळे जमले. शेटजी, त्यांचे हमाल, मी आरतीचं तबक घेऊन. घरातलं वडीलधारं माणूस म्हणून पूजेचा मान शेटजींनी मामंजींना दिला. पांढरंशुभ्र धोतर, पांढरा फेटा. माणसाला मशीन पटत नव्हतं, पण पूजा मात्र त्यांनी मनापासून केली. नळकांड्याच्या पुढच्या तोंडाभोवती कुंकवाचं स्वस्तिक काढलं, अक्षता वाहिल्या, झेंडूचा हार घातला, हात जोडले.

हे भिंतीकडे वायर जोडत होते. तिथूनच ओरडले, "आबा, नळी लावून घ्या भोकात, मी बटण दाबतो!"

आता त्या मशीनला दोन भोकं. पुढच्यातून हवा आत ओढली जाते, मागच्यातून बाहेर फेकली जाते. नळी लावायची पुढे. मामंजींनी नळी उचलली, पुढे नेली आणि थबकले. तिथे तर आत्ताच कुंकू लावलेलं, हार घातलेला. पुजलेल्या तोंडात नळी कोंबायची? त्यांचा हात धजेना. त्यांनी हलकेच मशीन वळवलं आणि नळी मागच्या भोकात घट्ट बसवली. मी बघत होते, पण मला वाटलं, मोठ्या माणसाला काय सांगायचं, ह्यांना विचारूनच करत असतील.

हमालाने नळीचं टोक कोपऱ्यातल्या पुडीच्या ढिगात धरलं. ह्यांनी बटण दाबलं.

अगं बाई! जे काही झालं ते सांगता सोय नाही. कोपऱ्यातला सगळा ढीग एका झटक्यात हवेत. समोरचं काही दिसेना. शेटजी पिवळे, हमाल पिवळे, आरतीची निरांजनं विझली, आणि तिकडे मशीन पुढच्या तोंडाने झेंडूचा हार गिळत सुटलेलं. सगळे शिंकतायत, खोकतायत. ह्यांनी धावत बटण बंद केलं. पूड खाली बसली तेव्हा मधोमध मामंजी उभे, फेट्यापासून पायाच्या नखांपर्यंत हळद लागलेले, नुसते डोळे तेवढे लुकलुकतायत.

मला हसू फुटणार होतं, पण शेटजींचा चेहरा बघून ते जागीच जिरलं.

"हे मशीन?" शेटजी कडाडले. "माझा माल उधळायला आणलंस? उचल ते आणि चालता हो. गाळ्याचं नाव काढू नकोस!"

ह्यांनी मशीनकडे नजर टाकली. नळी कुठे लावलीय ते क्षणात कळलं त्यांना. मग त्यांनी आबांकडे बघितलं आणि मान खाली घातली. "चुकलं माझं शेटजी," म्हणाले. "दुरुस्ती नीट झाली नसणार."

माझ्या जिभेवर खरं काय ते आलं होतं. मी तशी तोंडाळ, सगळ्या गल्लीला माहीत. पण भर लोकांत सासऱ्याकडे बोट कसं दाखवायचं? मला दिसत होतं की संपलं सगळं. उद्या भांडी बांधायची. आणि मामंजींना काही करायचीच गरज नव्हती, नुसतं गप्प राहायचं होतं.

"थांबा शेट," मामंजी म्हणाले.

त्यांनी फेट्याच्या शेमल्याने तोंड पुसलं. "नळी म्या लावली. फुडच्या तोंडाला कुकू लावल्यालं, तितं कशी खुपसायची म्हून मागं लावली. पोरगं माजी चूक अंगावर घ्याय लागलंय. त्याच्या मशिनीत काय बी खोट न्हाई. त्यो लढाईतल्या मोटारी दुरुस्त करून आलाय, हे तर केराचं मशीन हाय."

कुणी काही बोलायच्या आत ते खाली बसले. मशीनला नमस्कार केला, अर्धा गिळलेला हार ओढून काढला, धोतराच्या सोग्याने कुंकू पुसलं आणि नळी पुढे लावली. "दाब रं बटण," म्हणाले.

मशीन घुमलं. नळी जिथे जिथे फिरली तिथली फरशी मागे स्वच्छ दिसत गेली. शेटजींनी खाकी पिशवी उघडून बघितली, पूड चिमटीत घेऊन चोळली, वास घेतला, आतल्या झेंडूच्या पाकळ्या बाजूला काढल्या. मग मामंजींच्या अवताराकडे बघून असे हसले, असे हसले की हमालांनाही हसायला परवानगी मिळाली. "पाहुणे, तुम्हाला तर बोहल्यावरच चढवायला पाहिजे," म्हणाले, आणि गाळ्याची किल्ली ह्यांच्या हातात दिली.

घरी आल्यावर मी चुलीवर आंघोळीचं पाणी चढवलं. हे गाळा मोजायला परत पळाले होते. मामंजी ओट्यावर बसले होते, धोतर झटकत. मला राहवेना.

"मामंजी, एक विचारू? तुम्ही गप्प राहिला असता तर उद्या हे तुमच्याबरोबर गाडीत असते."

"असता की," ते म्हणाले. "माज्या मनात आलं न्हाई व्हय? लय आलं." फेटा सोडून त्यातली हळद झटकली. "पर मान खाली घालून आला असता गं पोरी. आन जलमभर तसाच बांदावर बसला असता. थोरला गेला, त्यो लढाईत गेला. ह्याला काय म्या माज्या हातानं मारायचा?"

माझ्या डोळ्यांना धार लागली. मामंजी दुसरीकडे बघत म्हणाले, "पाणी तापलं का बग."