डोहातून थेट तोरणमाळ

१९६४ च्या जानेवारीत आमच्या इंजिनिअर कंपनीचा कॅम्प प्रकाशाला तापीकाठी पडला. आता तो नंदुरबार जिल्हा, तेव्हा धुळ्यात होता. माझं गाव तिथून दोन कोसांवर. मी नाईक हिलाल पाटील, शिक्षण चौथी. पण कंपनीत पाणबुडे दोनच होते, त्यातला एक मी. दुसरा लान्स नाईक तांडेल, मालवणचा, मच्छीमाराचा मुलगा.

मला नाईकची फीत मिळाली तर डोंगरावर तोरणमाळला गोरखनाथाच्या देवळापाशी वरण-बट्टीचं जेवण घालीन, असा आईचा नवस होता. मी इतक्या जवळ आलोय म्हटल्यावर तिने दिवस ठरवला. सगळी भावकी बैलगाड्या जुंपून आदल्या दिवशीच वर पोचली.

नेमकं त्याच दिवशी कंपनीच्या बोटीचं इंजिन तापीच्या डोहात पडलं. साठ फूट पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी आणि तांडेल पाठीवर हवेच्या टाक्या बांधून उतरलो. चार फेऱ्या झाल्या. सव्वाबाराला इंजिन काठावर आलं. सुभेदार साहेबांनी हुकूम दिला, "उद्या दुपारपर्यंत पाणबुडे कॅम्प सोडणार नाहीत. डोंगर चढायचा नाही, विमानात बसायचं नाही."

मी तांडेलला म्हणालो, "विमान कोण देतंय आपल्याला?"

तो हसला नाही. "खोल पाण्यातलो मासो एकदम वर काढलो तर तेचा पोट फुगान तोंडातून भायर येता. तो नुसतो पाण्याभायर येता. तू तर डोंगरार चढतलंस."

"मी काय मासा आहे? लहानपणापासून चढतोय तोरणमाळ."

तो लान्स नाईक, मी नाईक. त्याचं का ऐकू? साहेब शहाद्याला गेले. एक वाजता सिग्नलची जीप वायरलेस सेट घेऊन वर निघाली. ड्रायव्हर शिंदेला मी सांगितलं, साहेबांची परवानगी आहे. खोटं सांगितलं. तो बसा म्हणाला.

साडेचारला वर पोचलो. पंगत मांडलेलीच होती. बट्टी चुरली, वरण ओतलं, तूप घातलं. पहिला घास उचलायला गेलो तर उजवा हात खांद्याच्या वर जाईना. आत कोणी गिरमिट फिरवतंय असं दुखायला लागलं. वाटलं, इंजिन ओढून भरून आलं असेल. डाव्या हाताने जेवायला लागलो.

आई म्हणाली, "बेटा, तुन्हा हात काबर वर जात नही?"

"काही नाही आई. वाढ."

"कोनी तरी नजर लाई दिधी." तिने मीठ-मिरची ओवाळली. मामाने तिळाचं तेल चोळलं. मी हसत होतो. मग हात धुवायला उठलो आणि पडलो. दोन्ही पाय कंबरेपासून बधिर. आईच्या हातातलं तुपाचं भांडं खाली पडलं.

शिंदे सेटवर धावला. कॅम्पात सेटवर तांडेलच होता. त्याने मला बोलायला लावलं.

"खंय दुखता? ओव्हर."

"खांदा. पाय बधिर झालेत. ओव्हर."

"खाली ये. आत्ताच्या आत्ता. ओव्हर."

"पंगत बसलीय. लोक काय म्हणतील? ओव्हर."

"मेल्या, लोक तुका खांद्यार घेवन फिरतले काय जन्मभर? शिंदे, घाल तेका गाडयेत. आउट."

मला चौघांनी जीपमध्ये टाकलं. पावणेसहाला निघालो. घाट अर्धा उतरला आणि खांदा हलका व्हायला लागला. आणखी खाली आलो तर पायाचा अंगठा हलला. मी म्हणालो, "शिंदे, बरं वाटतंय. गाडी फिरव. नवस अर्धा राहिलाय."

शिंदे म्हणाला, "पाटील, तुम्ही एकदा खोटं बोललात. आता गप बसा."

घाटाच्या पायथ्याशी तांडेल रस्त्यात उभा. कापसाच्या ट्रकवर बसून ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन आला होता. पायथ्याच्या पुढे एक पाऊल चढला नाही, कारण तोही त्याच डोहातून निघाला होता. मास्क माझ्या तोंडावर दाबून म्हणाला, "ओढ. आणि बोलू नको. तेवढाच बरा वाटात माका."

सकाळी धुळ्याहून डॉक्टर आले. म्हणाले, खोल पाण्यात रक्तात मुरलेली हवा डोंगरावर फुगली, आणखी तासभर वर राहिला असता तर पाय कायमचे गेले होते. सुभेदार साहेबांनी सात दिवस जादा ड्युटी दिली आणि महिनाभर पाण्यात उतरणं बंद केलं. कमीच दिलं.

चौथ्या दिवशी आई सगळा लवाजमा घेऊन कॅम्पात हजर. पुन्हा बट्ट्या भाजल्या. मामा कुरकुरला, "देव वर शे, आनि तू खाले जेवाडी ऱ्हायनी!"

आई म्हणाली, "पोऱ्या खाले उना, देव बी यी."

पहिलं ताट तिने तांडेलला वाढलं. तो सात बट्ट्या खाऊन आठवीला नको म्हणाला, तेव्हा आईने त्याला आजारी आहेस का विचारलं.

तांडेल पासष्टच्या लढाईत गेला. माइन काढताना. मी त्याच्यापासून दोनशे गज मागे होतो. त्याचं सामान घेऊन मालवणला मीच गेलो. त्याचे वडील जाळं विणत बसले होते. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. एवढंच विचारलं, "तो पाण्यात गेलो?"

"नाही बाबा. जमिनीवर."

त्यांनी मान हलवली. "तरीच. पाण्यात तो चुकाचो नाय."

मी म्हणालो, "नाही. पाण्यात तो कधीच चुकला नाही."