दादांची न ठरलेली ओळ

महिन्याभरापूर्वी सूरतच्या कारखान्यात वहिनींचा फोन आला. "तुह्ये दादा गेले वं. पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली सभेले येजो. गाणं तुलेच म्हणा लागते." रडू यायच्या आधी मला धडकीच भरली...

देविदासदादा म्हणजे नाचणगावचे भीमगीत गायक. भीमजयंतीला आसपासच्या गावांत त्यांची पार्टी गायची आणि कोरसमध्ये मी असायची. त्यांचं शाळेवरचं गाणं घरोघरी मोबाईलवर वाजायचं. त्यातली लोकांची लाडकी ओळ होती, "शाळा ज्यानं सोडली, वाट त्यानं मोडली." मी आठवीतच शाळा सोडलेली. ती ओळ आली की मी नुसते ओठ हलवायची. दादांच्या कानातून काही सुटत नसे. गिरडच्या कार्यक्रमाहून परतताना त्यांनी विचारलंच, "त्या ओळीले तुह्या आवाज कुठं जाते वं?" मी खरं ते सांगून टाकलं.

पुढच्या कार्यक्रमात त्यांनी सरळ गायलं, "शाळा जिची सुटली, तिच्यासाठी थांबा." ढोलकीवाला गडबडला. समोरून एक काका म्हणाले, "बुवा, ओळ चुकली. यमक कुठं गेलं?" दादांनी गाणं थांबवलं. "यमक गेलं तं जाऊ द्या. माह्या कोरसमधली पोरगी गप बसे, ते आता गाऊन राह्यली." मला मंडपात लपायला जागा सापडेना. मग दादांना ती ओळ बदलायची चटकच लागली. कधी "तिले पाटी द्या", कधी "तिले संगं न्या". आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचो. "दादा, एक काहीतरी ठरवा ना." "ठरवलं का तू झोपेत गाशीन."

सूरतला कामाला लागले तेव्हा अनोळखी माणसांसमोर शिक्षण "आठवी" सांगताना मान खाली गेली नाही, ती त्यांच्यामुळे.

पुण्यानुमोदनाला पेटीवरच्या रामरतनकाकांनी विचारलं, "कोणती ओळ घेते?" मी म्हणाले, "मोबाईलमधली." लोकांना तीच पाठ, उगाच कुणी टोकलं तर... पण ती ओळ आली आणि माझे ओठ पुन्हा नुसतेच हलायला लागले. मग तोंडातून निघालं, "शाळा जिची सुटली, तिचं गाणं ऐका." कोरसनं लगेच उचललं. मागून कुणीतरी म्हणालं, "हे ओळ नव्हती." पुढे बसलेल्या वहिनी वळल्या. "आता आहे."

इथं सूरतला साड्यांच्या घड्या घालताना मी तेच गाणं म्हणते. ओळीचा शेवट रोज वेगळा येतो. कालचा दादांना पटला असता. आजचा नाही... उद्या बघू.